सासूबाई बोलल्या त्याची गोष्ट

सासूबाईंना जाऊन चाळीस दिवस होतात त्या दिवशीच्या प्रार्थनेला वाटायच्या प्रार्थनापुस्तिकेचं मुखपृष्ठ घरीच करायचं असं सुगेंगने ठरवलं आणि तिथेच माशी शिंकली. मलांग शहरातल्या छापखान्याला ते दुपारपर्यंत हवं होतं, आणि कॉम्प्युटर तर त्यांचा फोटो उघडता उघडता डुलक्या काढत होता.

"ड्रायव्हर जुने झालेत," तो बायकोला म्हणाला. (कॉम्प्युटरलाही ड्रायव्हर असतो हे त्याला त्याच सकाळी कळलं होतं.)

"हात लावू नका," विनार्ती म्हणाली. "तुम्ही दुरुस्त केलेला पंखा अजून उलटा फिरतोय."

त्याने हात लावलाच. स्क्रीनचा, छपाईचा, आवाजाचा, दिसेल तो ड्रायव्हर नवा केला. मग सेटिंगमध्ये शिरून जिथे रिकामा चौकोन दिसला तिथे बरोबरची खूण करून टाकली. कॉम्प्युटर खरोखरच पळायला लागला. सासूबाई क्षणात स्क्रीनभर उघडल्या.

आणि पाठीमागे कुणीतरी श्वास सोडला.

सुगेंगने वळून पाहिलं. सासूबाईंचं कपाट होतं, माणूस कुणी नव्हतं. त्याने श्वास रोखला. जरा वेळाने पाठीमागचा श्वासही थांबला.

"कोण आहे?"

"कोण आहे?" कपाटाच्या माथ्यावरून विहिरीतून यावा तसा घोगरा आवाज आला.

त्याने घाबरून स्क्रीनकडे पाहिलं. फोटोतल्या सासूबाई रोखून बघत होत्या.

"आई, फोटो आवडला नाही का?"

"...आवडला नाही का?"

"छान आलाय हो," तो कसाबसा म्हणाला.

"छान आलाय हो," कपाटाने समजूत घातली.

सुगेंग धावत जाऊन शेजारच्या पाक तोयिबना, म्हणजे तोयिबकाकांना, घेऊन आला. मयताच्या घरी प्रार्थना म्हणायला सगळे त्यांनाच बोलवत. ते उंबऱ्यातच बसून म्हणू लागले. कपाटही मागोमाग म्हणू लागलं, एक शब्द न चुकता.

पाक तोयिब थांबले. "मेलेल्यांसाठी इतकी वर्षं म्हणतोय," ते हळूच म्हणाले, "पण त्यांच्यातलं कुणी सोबतीला बसलं नव्हतं." आणि ते एकच चप्पल घालून निघून गेले.

विनार्ती हातात डाव घेऊन आली. "अहो, काय चाललंय?"

"अहो, काय चाललंय?"

तिने आईच्या फोटोकडे पाहिलं. क्षणभर डोळे भरून आले. मग तिने कपाटावरच्या स्पीकरची पिन उपटली. खोली गप्प झाली. कॉम्प्युटरच्या माइकने ऐकलेलं सगळं स्पीकरमधून परत ऐकवायचं, अशाही एका चौकोनात सुगेंगने खूण केली होती.

"तुला भीती नाही वाटली?" त्याने घाम पुसत विचारलं.

"आई नाही हे लगेच कळलं," विनार्ती म्हणाली. "तुमचं एक तरी वाक्य तिने कधी शेवटपर्यंत ऐकून घेतलं होतं का?"