पोपटशेठची दुसरी रेघ

जुन्नरच्या बाजारपेठेत पोपटलाल शेठचं भांड्यांचं दुकान आहे. तिथे दोन गोष्टी फुकट मिळतात. एक म्हणजे भांड्यावर कोरलेलं नाव, आणि दुसरी शेठचा उपदेश! "चाळीस वर्षं धंदा केला, पण कुणाला चुना लावला नाही," हे वाक्य तर गिऱ्हाईक ताट वाजवून बघेपर्यंत दोनदा कानावर पडायचं.

यंदा त्या वाक्यात शेठना दुरुस्ती करावी लागली. कशी, ते ऐका.

सुरुवात त्यांच्या मुलाच्या, विपुलच्या, नव्या कॅमेऱ्यापासून झाली. विपुलने तो गल्ल्यावर ठेवला आणि म्हणाला, "पप्पा, हा स्वतःच फोकस करतो. माणसाचा डोळासुद्धा स्वतःच शोधतो!"

"मग तू काय करतोस?" शेठनी विचारलं.

विपुल कॅमेऱ्याचा पट्टा उगाच सारखा करू लागला. शेठना तेवढंच हवं होतं. ते आत गेले आणि कपाटातून आपला रोलचा कॅमेरा घेऊन आले. तीस वर्षांपूर्वी एक स्टुडिओ बंद पडला तेव्हा त्यांनी तो उचलला होता, सोबत दोनशे एमएमची लेन्स. अख्खी धातूची, सव्वा किलोची! आतल्या कडेला थोडी बुरशी धरलेली, पण तिने काही बिघडत नाही असं शेठ न विचारता सांगत. त्यांच्या पत्नी जतनबाई त्या लेन्सला 'वरवंटा' म्हणत.

"निमगाव सावाच्या यात्रेत यंदा बैलगाड्यांच्या घाटात मोटारसायकलींची शर्यत आहे," शेठ म्हणाले. "तू तुझ्या यंत्राने हजार फोटो काढ. मी या वरवंट्याने एकच चांगला काढीन. पण असा काढीन, की गाडीवाल्याच्या मिशीचे केस मोजता येतील! घरोघरी लागेल तो फोटो, घरोघरी!"

आता बैलगाड्यांचा घाट म्हणजे चढाची सरळ धाव, आणि वरच्या टोकाला पांढऱ्या फक्कीची, म्हणजे चुन्याच्या भुकटीची, रेघ. ही रेघ मारायचा मान भिमाजीचा. त्याआधी तो त्याच्या बापाचा होता. तीस वर्षं भिमाजी घमेल्यातली फक्की मुठीने सोडत घाट आडवा चालतो, आणि पंच आपली घड्याळं त्याच्या रेघेवर लावतात. घाटात सगळ्यावर भांडणं होतात, गाडा कुणाचा आधी जुंपायचा इथपासून. भिमाजीच्या रेघेवर कधी झालं नव्हतं.

शर्यतीच्या दिवशी शेठ कॅमेरा, दोन रोल आणि जतनबाईंनी दिलेला खाखऱ्यांचा डबा घेऊन घाटावर पोचले. डबा साधा नव्हता. शेठच्या आईचा होता. लग्नाकार्यात डबे हरवतात म्हणून त्यावर शेठनी स्वतःच्या हाताने, बोटभर उंचीच्या अक्षरांत, नाव टाकलेलं होतं : पोपटलाल, जुन्नर.

पहिल्या फेऱ्या सुरू झाल्या आणि शेठचा घाम निघाला. जुन्या लेन्सला फोकस हाताने फिरवावा लागतो, आणि शेठनी बोट फिरवेपर्यंत मोटारसायकल घाट चढून, वळून, चहाच्या टपरीवर उभी राहिलेली असायची! एका फोटोत नुसतं मागचं चाक आलं असणार, एकात धूळ, एकात मुख्य पंच गेणभाऊ यांचं पोट. शेजारी विपुलचा कॅमेरा मका भाजल्यासारखा तडतडत होता.

"काय पप्पा, आली का मिशी?"

"गप रे!"

दुसऱ्या रोलमध्येही तीनच फोटो उरले, आणि राहिली फक्त अंतिम शर्यत. निमगावचा मोहित विरुद्ध महाळुंगे पडवळचा ऋतिक. त्या वेळी शेठना जुन्या फोटोग्राफरांची युक्ती आठवली. गाडीच्या मागे लेन्स फिरवायचीच नाही! आधी जमिनीवर एक जागा ठरवायची, तिच्यावर फोकस लावून ठेवायचा, आणि गाडी त्या जागेवर आली की खटका दाबायचा.

जागा शेठनी ठरवली, खऱ्या रेघेच्या तीस पावलं अलीकडे, कारण तिथे ऊन चांगलं पडत होतं. पण ती लेन्समधून दिसायला काहीतरी खूण हवी होती. भिमाजी चहाला गेला होता आणि फक्कीचं घमेलं तसंच पडलं होतं. विपुलसकट सगळी गर्दी खाली, गाड्या सुटतात तिकडे बघत होती. शेठनी इकडेतिकडे बघितलं, खाखऱ्यांच्या रिकाम्या डब्यात फक्की भरून घेतली आणि जागेवर चिमूटभर टाकली.

परत येऊन डोळा लावला तर ती दिसेना. वय झालं की चिमूट दिसत नाही! शेठ पुन्हा गेले आणि मूठभर टाकली. आता दिसली, पण मनात आलं, मोहित डाव्या अंगाने आला तर? फोकस गेला! म्हणून डावीकडेही थोडी ओढली. मग उजवीकडून ऋतिक आला तर? म्हणून उजवीकडेही. असं करत करत शेठनी घाटाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एक रेघ मारली. आणि दोष द्यायला जागा नाही, रेघ झकास आली! दोरी लावल्यासारखी सरळ! शेठना क्षणभर स्वतःचं कौतुकच वाटलं. फोटो झाला की पायाने पुसून टाकू, असं त्यांनी ठरवलं होतं. हे मात्र खरं.

तेवढ्यात भोंगा ओरडला, "आली रं आली! मोहितची गाडी म्होरं हाय!"

शेठ धावत कॅमेऱ्याकडे आले. मोहित घाट चढला तो धुळीचा लोट मागे सोडत. समोर त्याला पांढरी रेघ दिसली. ती ओलांडताच त्याने गाडी आवरली आणि दोन्ही हात वर केले! शेठनी खटका दाबला. खट्! त्या आवाजातच त्यांना कळलं, हा फोटो आला.

आणि ऋतिक? ऋतिक मोहितच्या धुळीत होता. त्या बिचाऱ्याला एकही रेघ दिसली नाही. तो डोळे मिटल्यासारखा तसाच पुढे गेला, हात वर करून उभ्या असलेल्या मोहितच्या शेजारून, आणि भिमाजीची खरी रेघ ओलांडून थेट नारळवाल्याच्या पाटीत घुसला.

घाटावर जो गोंधळ झाला तो काय सांगावा! निमगावकर मोहितला खांद्यावर घ्यायला धावले, महाळुंगेकर ऋतिकला.

"आमचा जिकला!"

"थांबून कोन जिकतं का, राव?"

"रेघ वलांडून थांबला त्यो!"

"अरं, रेघ वर हाय!"

"मंग ही कुनाची?"

सगळे एकदम थांबले. घाटात दोन रेघा! आणि सगळ्यांच्या माना भिमाजीकडे वळल्या. तो हातात अर्धा कप चहा घेऊन पळत आला होता. खालच्या रेघेपाशी गेला, तिच्या टोकाशी वाकला, थोडा वेळ तसाच राहिला, मग उपरणं सावरत उभा राहिला.

"म्या एकच मारली व्हती," तो म्हणाला.

"मंग दुसरी काय आभाळातनं पडली?" गेणभाऊ कडाडले. "भिमाजी, लेक महाळुंग्याला दिलीया ना तुजी?"

भिमाजीने कपातला चहा मातीत ओतला. शेठ एक पाऊल पुढे सरकले. त्यांनी तोंड उघडलं. खरंच उघडलं! पण त्याच वेळी गेणभाऊंची नजर त्यांच्या हातांवर गेली.

"शेठ, हात कशानं पांढरे झाले तुमचे?"

"पावडर," शेठ म्हणाले. "जुन्या कॅमेऱ्याला... पावडर लागते."

"आसंल बाबा," गेणभाऊ म्हणाले. शेठच्या शब्दावर जुन्नरात कोण शंका घेणार? चाळीस वर्षांत त्यांनी कुणाला चुना लावला नव्हता!

ढाल ऋतिकला गेली, कारण त्याने खरी रेघ ओलांडली होती. भिमाजीचं काय करायचं ते रविवारी मारुतीच्या पारावर, यात्रा कमिटीच्या बैठकीत ठरणार होतं. ठरायचं काय, फक्की दुसऱ्याच्या हातात द्यायची हे सगळ्यांनी मनात ठरवूनच टाकलं होतं. शेठ हात खिशात घालून घरी आले.

पुढचे सहा दिवस शेठनी कसे काढले ते त्यांचं त्यांना ठाऊक. दोन्ही रोल पुण्याला धुवायला गेले होते. शेठ गिऱ्हाइकांना उपदेश करेनात. 'चुना' शब्द असलेलं ते वाक्य तर जिभेवर यायचं आणि तिथेच अडकायचं. घरी वेगळीच टोचणी.

"अहो, पँटच्या खिशात चुना कसा आला?"

"कुठे लागला असेल."

"आणि डबा कुठंय?"

"कुठला डबा?"

"खाखऱ्यांचा! सासूबाईंचा! त्यावर नाव आहे तुमचं!"

शेठनी हातातला घास ताटात परत ठेवला. डबा! तो कुठे राहिला ते त्यांना आता आठवत होतं, आणि आठवायला नको होतं.

शनिवारी दुपारी विपुल नाचतच दुकानात आला. पुण्याच्या लॅबने फोटो मोबाईलवर पाठवले होते. शेठकडे ईमेल नसल्याने पत्ता विपुलचाच दिलेला.

"पप्पा! मानलं तुम्हाला! हे बघा!"

शेठनी चष्मा लावला. फोटो होताच तसा. मोहितचे दोन्ही हात वर, तोंडावर जग जिंकल्याचा आनंद, चाकाखालून उडालेला खडा न् खडा वेगळा दिसतोय, मागची माणसं मऊ धुक्यात. मिशीचे केस? खरंच मोजता येत होते! विपुलच्या हजार फोटोंत असा एक नव्हता. एक क्षण शेठना छाती फुगल्यासारखी वाटली.

मग त्यांची नजर खाली गेली. पांढरी रेघ. सरळ, देखणी. आणि रेघेच्या टोकाशी उन्हात चमकणारा एक स्टीलचा डबा. विपुलने कौतुकाने दोन बोटांनी फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. त्या लेन्समध्ये बुरशी असूनही प्रत्येक अक्षर स्वच्छ होतं : पोपटलाल, जुन्नर.

विपुलचा चेहरा पडला. "पप्पा, हा आपला..."

"कुणाला दाखवलास का हा?"

"घाटाच्या ग्रुपवर टाकला," विपुल हळूच म्हणाला. "साडेतीनशे लोक आहेत. सगळे म्हणतायत, घरोघरी लावण्यासारखा आहे."

शेठ गल्ला उघडा टाकून स्कूटरवर बसले. कुणीतरी फोटो मोठा करून बघायच्या आत भिमाजीला गाठायचं होतं! निमगावापर्यंतच्या वाटेत त्यांनी काय बोलायचं ते दहा वेळा घोकलं. पण भिमाजी अंगणात बसलेला दिसला आणि सगळं विसरलं. तोंडातून आलं ते वर्षानुवर्षं सवयीचं. पर्युषण संपलं की शेठ सगळ्या ओळखीच्यांना हात जोडून म्हणत तेच.

"मिच्छामि दुक्कडम्, भिमाजी."

भिमाजीने प्रसन्नपणे हात जोडले. "तुमाला पन, शेठ! औंदा लवकर आला का तुमचा सन?"

शेठ हादरले. पंचवीस वर्षं ते या माणसाकडे क्षमा मागत होते आणि तो तिला दिवाळीच्या शुभेच्छा समजत होता! आणि खरं बोलायचं तर, आपण तरी ती दुसरं काय समजून मागत होतो, असं त्यांच्या मनात आलं, आणि मान आपोआप खाली गेली. शेवटी अगदी साध्या मराठीत ते म्हणाले, "भिमाजी, ती दुसरी रेघ मी मारली. फोटोसाठी. आणि गप्प बसलो. मला माफ कर."

भिमाजी उठून आत गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात डबा होता. घासूनपुसून लख्ख केलेला.

"त्याच दिशी सापडला मला," तो म्हणाला. "उपरण्यात घातला. म्हनलं, चार मानसांत काढला तर शेठचं नाव जाईल. शेठ सोताहून येतील."

"सहा दिवस?" शेठनी विचारलं. "लेकीच्या गावावरून बोलले तुला! मग सांगितलं का नाहीस?"

"तुमी सांगनार व्हता ना," भिमाजी म्हणाला. शेठनी डब्यासाठी हात पुढे केला, पण त्याने डबा मागे घेतला. "आता न्हाई. माजं नाव जितं गेलं तितं सांगा, मंग देतो."

रविवारी पारावर पोपटशेठ उभे राहिले. गेणभाऊंनी कौतुकाने माईक पुढे केला. त्यांना वाटलं, शेठ ढालीसाठी काहीतरी जाहीर करणार! शेठनी हात जोडले, आणि चार सवयीचे लोक आपणहून म्हणाले, "तुमाला पन, शेठ!"

"नाही," शेठ म्हणाले. "आज तसं नाही. दुसरी रेघ मी मारली होती. भिमाजीने एकच मारली. तो पहिल्यापासून खरं बोलत होता, आणि मी पावडर म्हणालो ती फक्की होती."

सगळ्या माना पुन्हा भिमाजीकडे वळल्या. मग मागून मोहितचा आवाज आला, "म्हंजी मी जिकलो व्हतो का?"

"जिकला न्हाईस," गेणभाऊ कपाळाला हात लावून म्हणाले, "पन हरला बी न्हाईस." मग ते जागेवरून उठले, भिमाजीपुढे गेले आणि फक्कीचं घमेलं त्यांनी स्वतःच्या हाताने त्याच्या पायाशी ठेवलं. लोक हसले ते त्यानंतर, आणि शेठनाच हसले. हसू थांबेचना! भिमाजी तेवढा हसला नाही. त्याने पुढे येऊन डबा शेठच्या हातात दिला आणि म्हणाला, "न्या आता."

फोटो घरोघरी लागला, हे शेठचं बोलणं मात्र खरं ठरलं. मोहितने तर त्याचा फ्लेक्सच केला, डब्यासकट. आता दुकानात भांड्यावर नाव टाकून घेणारी गिऱ्हाइकं सांगतात, "शेठ, नाव जरा बारीक टाका. फोटोत यायला नको!" शेठही आता म्हणतात, "चाळीस वर्षांत चुना एकदाच लावला, तोही घाटाला!"

आणि डबा स्वयंपाकघरातल्या फळीवर असतो. शेठ पाणी प्यायला गेले की नाव भिंतीकडे वळवून ठेवतात.  ते बाहेर गेले की जतनबाई डबा पुन्हा सरळ करतात, नाव समोर येईल असा.