दाब उतरवणारं झाड

तोकुजी रोज संध्याकाळी त्या झाडासमोर बसून एवढं काय बघतात, हे फुसाएबाईंना पाच वर्षांत उमगलं नव्हतं.

झाड म्हणजे तरी काय, त्यांच्याच कुंपणातलं अझेलियाचं झुडूप. कानुमा गावात ते दारोदार असतं. तोकुजींना सुमो कुस्त्यांचं भारी वेड. टीव्हीवर त्यांचा पैलवान रिंगणाच्या कडेला रेटला गेला की इकडे यांचा रक्तदाब चढायचा. एकदा तर त्यांनी जेवणाचं बुटकं टेबल सुपाच्या वाट्यांसकट उलटं केलं. तेव्हा डॉक्टर एनोमोतोबाईंनी कुस्त्या बघायला साफ बंदी घातली आणि एखादा शांत छंद लावून घ्यायला सांगितलं. तोकुजींनी त्याच दिवशी कुदळ उचलली, कुंपणाच्या बरोब्बर मधलं झुडूप मुळासकट काढलं आणि कुंडीत लावलं. कडेची झुडपं जास्त चांगली होती, पण त्यांना मधलंच हवं होतं. असेल काही कलेतलं, असं म्हणून फुसाएबाई गप्प बसल्या.

तेव्हापासून चार वाजले की तोकुजी व्हरांड्यात उशी टाकून झाडासमोर बैठक मारायचे. फांद्यांना तारा गुंडाळून त्यांनी झाडाचा चांगला गुडघाभर उंच, दाट घुमट केला होता. मधूनच ते त्याच्याशी पुटपुटायचे. "टिकून राहा. पाय सोडू नकोस. आता ढकल." फुसाएबाई स्वयंपाकघरातून ऐकायच्या. सगळ्या संसारात त्यांना कुणी इतक्या जिव्हाळ्याने धीर दिला नव्हता. खरं सांगायचं तर त्यांना त्या झाडाचा हेवा वाटायचा.

आणि एवढं करून रक्तदाब काही वठणीवर येत नव्हता. जानेवारीत चढायचा, फेब्रुवारीत उतरायचा, मार्चमध्ये पुन्हा चढायचा. डॉक्टरबाई चक्रावल्या होत्या. "झाडासमोर अजून थोडा वेळ बसत चला," एवढंच त्या सांगायच्या.

मे महिन्यात तोकुजी वडिलांच्या श्राद्धासाठी भावाकडे उत्सुनोमियाला गेले. जाताना म्हणाले, "कळ्या धरल्यात. पाणी तेवढं घाल. बाकी बोट लावू नकोस. चारच्या आत येतो."

दुपारी फुसाएबाईंनी पाणी घातलं आणि इकडे तिकडे बघून नवऱ्याच्या उशीवर जाऊन बसल्या. आज छडा लावायचाच. पण समोर नुसती पानं. एक फांदी तर थेट डोळ्यांवर आलेली. तिच्या आड काहीतरी असणार, म्हणून त्यांनी ती हळूच बाजूला केली. कट् आवाज झाला आणि फांदी हातात आली.

"काय झालं, वहिनी?" कुंपणाच्या खिंडारातून शेजारच्या उसुईंनी डोकं काढलं.

"भाऊजी, घात झाला. डावी बाजू उघडी पडली."

"पडू दे. राहू दे तशीच."

"तशी कशी? तिरपं दिसतंय. उजवीकडची थोडी घेते, म्हणजे सारखं होईल."

उजवीकडची जरा जास्त गेली. मग डावीकडची घ्यावी लागली. दोन्ही बाजू जुळल्या तेव्हा शेंडा बांबूसारखा उंच दिसायला लागला, म्हणून शेंडा उतरवला. मग बुंध्याशी गर्दी वाटायला लागली.

"वहिनी, हात जोडतो, कात्री ठेवा," उसुई कळवळून म्हणाले. "झाड कसं दाट हवं. माणूस पलीकडे दिसता कामा नये."

"तुम्हाला बोन्सायमधलं इतकं कळतं?"

"मला ओ की ठो कळत नाही. पण दाट हवं."

शेवटी फुसाएबाईंनी कात्री ठेवली तेव्हा परातीएवढ्या कुंडीत वीतभर काडी उरली होती. तिला पाच पानं आणि एक कळी. उसुईंनी कपाळाला हात लावला आणि "आलोच" म्हणत चपला सरकवून ते बसथांब्याकडे धावले.

पण तोकुजी बसने आलेच नाहीत. चार वाजत आले म्हणून त्यांनी टॅक्सी केली होती. ते तडक व्हरांड्यात आले आणि काडी बघून जागच्या जागी थिजले. फुसाएबाईंनी चटईला कपाळ टेकवलं.

"माझा हात मोडो. बोला काहीतरी."

तोकुजी सवयीने उशीवर बसले आणि काडीकडे एकटक बघायला लागले. आता तरी काय बघतात म्हणून फुसाएबाई त्यांना खेटून बसल्या आणि त्यांच्या नजरेच्या रेषेत नजर लावली. काडीवरून, खिंडारातून, उसुईंच्या सताड उघड्या खिडकीत. तिथे भलामोठा टीव्ही आवाज बंद करून चालू होता आणि दोन धिप्पाड पैलवान कुस्तीआधीच्या रिवाजाप्रमाणे रिंगणात मीठ उधळत होते.

"अच्छा," फुसाएबाई म्हणाल्या. "ती फांदी सारून बघत होतात तर. म्हणून दाब एकाआड एक महिना चढतो. स्पर्धा जेव्हा असते तेव्हाच."

तोकुजींनी मान खाली घातली. फुसाएबाईंना आधी राग आला आणि लगेच इतकं हलकं वाटलं की हसूच फुटलं. तो सगळा जिव्हाळा झाडासाठी नव्हताच तर. त्या आत जाऊन रक्तदाबाचं यंत्र घेऊन आल्या.

"दंड पुढे करा. दाब चढला की खिडकी बंद. कबूल?"

"कबूल."

धापा टाकत परतलेल्या उसुईंना दोघंही उशीवर शेजारी शेजारी बसलेली दिसली. "भाऊजी, आवाज वाढवा," फुसाएबाई म्हणाल्या.

जूनमध्ये डॉक्टरबाईंनी घरी लिहिलेल्या दाबाच्या नोंदी वाचल्या आणि यंत्र दोनदा तपासून बघितलं. "कमाल आहे. पूर्ण मे महिना दाब जागेवर. झाड लहान केल्याचा गुण दिसतोय." आता चोरून बघायची धास्तीच नव्हती, पण ते कुणी बोललं नाही. मग सोबत आलेल्या फुसाएबाईंच्या दंडाला पट्टा लावून डॉक्टरबाईंनी भुवया चढवल्या.

"तुमचा मात्र चांगलाच वर गेलाय. तुम्हीही एखादं झाड पाळा बघू."

फुसाएबाईंनी घरी आल्या आल्या कुदळ उचलली. कडेच्या चांगल्या झुडपांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. खिंडाराला लागून असलेलं झुडूप त्यांनी मुळासकट काढलं, उशीवर बसून उसुईंच्या खिडकीकडे नजर टाकली, आणि मग त्याच्या शेजारचंही काढलं.