चाक न खोलता पंक्चर

ऑपरेशन झालेली माणसं टाके दाखवतात. आमचे सखारामभाऊ टाके नसलेली छाती दाखवतात. मुकुंदवाडीत स्टेशनकडं वळताना त्यांचं पंक्चरचं दुकान आहे. तुम्ही हवा भरायला गाडी लावा, ते नळी बसवतात आणि शर्टाची बटणं सोडतात. "बघा. काही दिसतंय? नाय ना? याच्या आत काळजाला भोक व्हतं. बुजवलंय." गिऱ्हाईक बिचारं रस्त्याकडं बघायला लागतं.

भोक जन्मापासूनचं, पण पन्नाशीपर्यंत कुणाला पत्ताच नव्हता. देवगाव रंगारीकडचं मेंढरं राखणारं घर. कळपामागं थोडं पळाले की सखारामभाऊ धापा टाकत बसायचे. घरानं त्यांना कामचोर ठरवलं, सोयरीक घेऊन आलेल्यांनी दमेकरी. लग्न राहिलं. बसून करायचं काम पाहिजे म्हणून ते शहरात आले.

मग एकदा टेम्पोचं चाक खोलताना चक्कर येऊन पडले आणि तपासणीत भोक सापडलं. डॉक्टरांनी सांगितलं, छाती उघडायची गरज नाही. मांडीच्या शिरेतून बारीक नळी काळजापर्यंत न्यायची आणि तिच्यातून जाळीची चकती नेऊन भोकात बसवायची.

"म्हंजी चाक न खोलता पंक्चर," सखारामभाऊ म्हणाले. "आन् गाडी बंद करता का चालू?"

"चालूच," डॉक्टर म्हणाले.

हे सांगताना अजूनही त्यांचा आवाज खाली येतो. त्यांना पूर्ण झोपवलं नव्हतं. "मी म्हणलं, बुजवायच्या आधी जरा बघू द्या, लई वर्षं सोबत व्हतं. पडद्यावर माझंच काळीज, ताई. उड्या मारतंय. त्यात त्या जाळीची एवढुशी छत्री उघडली, मग तिच्या पाठीला दुसरी. आन् काळीज आपलं चालूच."

बरे झाल्यावर ते गावी गेले. मी कामचोर नव्हतो, एवढंच थोरल्या भावाला सांगायचं होतं. भावानं छाती निरखून बघितली आणि विचारलं, "टाका कुठंय?" सखारामभाऊ मिळेल त्या एसटीनं परत आले.

पुढं माझ्या लेकीच्या, प्रज्ञाच्या काळजातही तसलंच भोक निघालं. ती दुसरीत होती. नळीचं ऐकून माझ्या सासूबाईंनी अंथरूण धरलं; मीही आतून पार खचले होते. सखारामभाऊ घरी आले आणि बैठकीत उभं राहून त्यांनी शर्टच काढला. सासूबाईंनी भिंतीकडं तोंड केलं. प्रज्ञा मात्र जवळ गेली, त्यांच्या छातीवर बोट दाबून म्हणाली, "मामा, दुखतं?"

"नाय."

"तेव्हा?"

"मांडीला मुंगी चावल्यावानी. मग नाय."

पोरीला तेवढं पुरलं.

ऑपरेशनच्या दिवशी दुकान बंद ठेवून ते आमच्याआधी दवाखान्यात हजर. इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. प्रज्ञाला आत नेलं तेव्हा माझ्या नवऱ्याला त्यांनीच हाताला धरून बाकड्यावर बसवलं. काही वेळानं डॉक्टर बाहेर आले. चकती नीट बसली होती. मी आत गेले तर पोर गुंगीतच पाणी मागत होती. मांडीवर छोटीशी पट्टी, बाकी अंगावर कुठं ओरखडा नाही. मी तिच्या छातीवर हात ठेवून किती वेळ उभी होते, कोण जाणे.

बाहेर आले तर सखारामभाऊ बाकड्यावर एका म्हाताऱ्या बाबांजवळ सरकून बसले होते. बाबा बिडकीनचे, त्यांची सून आत होती.

"भाऊ, सगळं नीट झालं. चला, चहा घेऊ," मी म्हणाले.

"तुम्ही व्हा पुढं. यांचं माणूस आत हाये."

"तुमच्या ओळखीचे?"

"नाय." बाबांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं ते बोलले. "माझ्या टायमाला डॉक्टर असाच बाहेर आला व्हता, भोक बुजलं म्हणून सांगायला. बाकड्यावर कुणीच नव्हतं. मग परत आत येऊन त्यानं मलाच सांगितलं."