आठ तारा गेल्या

पोस्टातल्या माझ्या सत्काराची शाल राजय्याअण्णांनी माझ्याच खांद्यावरून ओढून काढली आणि खिडकीतल्या उजेडात धरली, तेव्हा टाळ्या अजून थांबल्या नव्हत्या. पाहुणे स्टेजवर, हार माझ्या गळ्यात आणि अण्णांचं बोट शालीच्या मधोमध.

"हितं तार गेलीय. सेकंड माल दिला की तुमाला!"

अण्णा म्हणजे आमचे भिंतीपलीकडचे शेजारी. चादरीच्या कारखान्यात तपासनीस. विणून आलेली चादर दिव्यासमोर ताणायची, एक तार, म्हणजे विणीतला एक धागा, जरी तुटलेली दिसली तरी खडूनं फुली मारायची आणि चादर 'सेकंड'च्या ढिगात टाकायची, हे त्यांचं काम. घरी भाकरीसुद्धा उजेडात धरून मग मोडत. माझ्या धाकट्या मेव्हणीला बघायला आलेल्या मुलालाही त्यांनी सांगितलं होतं, "जरा खिडकीपाशी उभे ऱ्हावा." तो राहिलाही बिचारा. लग्न काही जमलं नाही.

बायको गेल्यापासून घरात अण्णा आणि त्यांची मुलगी विजया, दोघंच. विजया हुशार, इतकी की पुण्याच्या एका डॉक्टरकीच्या कॉलेजनं घेतलेल्या प्रवेश परीक्षेत दोनशेपैकी एकशे ब्याण्णव मार्क पाडून तिसरी आली. आमच्या आळीत पेढे वाटले गेले. वाटले आम्ही. अण्णांनी निकालाचा कागद उजेडात धरला.

"आठ तारा गेल्या," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी परत बस."

मला वाटलं, चेष्टा करताहेत. मी हसलोही. अण्णा हसले नाहीत.

"अण्णा, जागा मिळालीय पोरीला! संमतीचा फॉर्म पाठवायचा, झालं."

"माग चुकला तर काय करत्यात, पोस्टमास्तर? थांबवायचा, चुकीपत्तुर उसवायचं, परत विणायचं. लई सोपं हाय." मी पोस्टात रजिस्टरच्या खिडकीवरचा कारकून, पण अण्णांनी मला कधीच बढती दिली होती.

विजया दारात उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "नान्ना, परत बसले आणि नऊ गेल्या तर?"

वडिलांना ती आपल्या तेलुगूत नान्ना म्हणायची. नान्नांनी फॉर्म उचलून ट्रंकेत टाकला आणि किल्ली फिरवली. त्या दिवसापासून भिंतीपलीकडचा आवाजच बंद झाला. भांडण झालं असतं तर बरं. भांडणात माणसाला मधे पडता तरी येतं. फॉर्मवर पालकांची सही हवी होती, आणि फॉर्म अण्णांच्या ट्रंकेत होता. तो सोमवारी पुण्यात पोचला नाही तर जागा प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या नंबराला जाणार. म्हणजे शुक्रवारी चारच्या आत रजिस्टर व्हायला हवा. माझ्या बायकोनं माझ्याशीच बोलणं कमी केलं. जणू ट्रंकेची किल्ली माझ्याकडे होती!

शुक्रवार उजाडला. तीन वाजले. साडेतीन झाले. मी गिऱ्हाइकांना चुकीच्या पावत्या देत होतो. चारला दहा कमी असताना अण्णा आले, कारखान्याच्या कपड्यांत, खांद्यावर कापसाचे तंतू. खिडकीतून एक पाकीट सरकवलं. वर कॉलेजचा पत्ता.

आता आत काय? फॉर्म, की 'आम्हाला जागा नको' असं पत्र? विचारायची माझी छाती होईना. मग मी एक गोष्ट केली, जी सरकारी नोकरानं कधीही करू नये. पाकीट उचललं आणि दिव्यासमोर धरलं.

"काय बघताय?" अण्णा गरजले.

"तार गेलीय का बघतोय, अण्णा."

पाकीट पातळ होतं. आत छापील ओळी दिसल्या, आणि खाली शाईनं गिरवलेली जाड तेलुगू अक्षरं. अण्णांची सही! मी शिक्का असा हाणला की शेजारच्या खिडकीवरचा माणूस दचकला.

"सही करून तीन दिस खिशातच हाय," अण्णा खालमानेनं म्हणाले. पावती घेतली, उजेडात धरली नाही, तशीच घडी घालून गेले.

विजयाच्या गाडीला मी स्टेशनवर गेलो होतो. तिच्या वळकटीत नवी कोरी चादर होती, तांबडी, अण्णांनी स्वतः निवडलेली. मला राहवेना. एक टोक ओढलं, सकाळच्या उन्हात धरलं, आणि काय सांगू! काठापाशी एक अख्खी तार गायब! तीस वर्षांच्या नोकरीत या माणसाच्या हातून असला माल सुटला नव्हता.

"अण्णा! सेकंड माल? पोरीला?"

"हळू बोला की." त्यांनी टोक माझ्या हातातून घेऊन नीट आत खोचलं. "चांगलीच हुती. मी काढली ती तार. हॉस्टेलात समद्या पोरींच्या चादरी सारख्याच असत्याल. अंधारात हात फिरवला तरी कळायला पायजे तिला, आपल्या घरची कुठली."

गाडी हलली. विजया खिडकीतून हात हलवत होती. अण्णा हात वर करायचं विसरून डब्यामागून डबा बघत राहिले. मी त्यांच्याकडे वळलो, काहीतरी विनोद करायचा म्हणून. त्यांच्या शर्टाच्या वरच्या गुंडीभोवती तांबडी तार गुंडाळलेली होती.