महिपतीची मोटार सुकत नाही

मोटार रंगवायला अक्कल लागत नाही, हात लागतो, असं सोनिवलीच्या महिपतीचं ठाम मत होतं. आणि हात म्हणाल तर महिपतीचा! घर त्याने स्वतः शाकारलं होतं, उल्हास नदीतली होडी स्वतः डांबरली होती. मोटार म्हणजे काय, चाकं लावलेली होडी. तिच्यासाठी कल्याणच्या मिस्त्रीच्या दारात जाऊन उभं राहायचं कशाला, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून विचारायचा. ज्याला विचारायचा त्याच्याकडे मोटार नसायची, त्यामुळे उलट उत्तर कधी आलं नाही.

ही मोटार होती एका गोऱ्या साहेबाची. लढाईच्या काळात महिपती लष्कराच्या छावणीला गवत पुरवायचा. लढाई संपली, गोरे गेले, छावणीतलं सामान मिळेल त्या भावाने फुंकलं गेलं आणि त्यात ही गाडी महिपतीच्या पदरात पडली. कशी पडली, ते तो दर वेळी वेगळं सांगायचा. पुढे त्या बराकींत सिंधी निर्वासित आले, दुकानं लागली, छावणीचं उल्हासनगर झालं. मोटार मात्र महिपतीच्या खळ्याच्या कडेला, चिंचेखाली, ताडपत्री पांघरून बसलेली. रंग तिचा तोच लष्करी, मातकट. साहेब त्याच गाडीत पाठीमागच्या बाकावर बसल्या बसल्या मेला होता, अशीही एक बोलवा होती. महिपती ती हसण्यावारी न्यायचा. पण पाठीमागच्या बाकावर तो स्वतः कधी बसला नाही, हेही खरं.

आता माघात त्याच्या मुलाचं, जनूचं लग्न ठरलं होतं. मुलगी अंबरनाथच्या अलीकडच्या पाड्यावरची. तिचा बाप धर्मराज मोठा कंत्राटदार, आणि बोलण्यात त्याहून मोठा. सुपारी फुटली त्या दिवशी भर बैठकीत त्याने महिपतीची ओळख करून दिली ती "हे आमचे गवतवाले" अशी. माणसं हसली, महिपतीही हसला, पण ते हसू त्याच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकून राहिलं. त्याच दिवशी त्याने मनाशी ठरवलं की वरात न्यायची ती मोटारीतून. काळ्या कुळकुळीत, तोंड दिसेल अशा मोटारीतून. वेशीवर धर्मराज वाकला पाहिजे, आणि वाकताना त्याला स्वतःचं थोबाड मोटारीच्या दारात दिसलं पाहिजे!

सुरुवात धुण्यापासून झाली. महिपतीने मोटार घासली ती राख आणि काथ्याने, त्याची बायको गोदूबाई टोप घासते तशी. टोप उजळतो, मोटार उजळत नाही. होती नव्हती ती चकाकीही गेली, बॉनेटचा पत्रा उघडा पडला आणि दवाने एका रात्रीत त्यावर तांबेरा चढला. महिपती म्हणाला, बरंच झालं, नाहीतरी जुना रंग काढायचाच होता.

मग तो उल्हासनगरला गेला, कॅम्प एकमध्ये. तिथे लोकूमल नावाच्या सिंध्याचं रंगाचं दुकान होतं. लोकूमलने नीट समजावून सांगितलं की उघड्या पत्र्यावर सरळ काळा रंग मारलात तर गंज आतून खाईल. आधी शेंदराचं अस्तर द्यायचं. "साईं, सिंदूर अलसी के तेल में घोटना. सूखने देना. बाद में काला." असं म्हणून त्याने जवसाच्या तेलाची बाटली पुढे सरकवली. महिपतीने काळ्या रंगाचा डबा घेतला, शेंदूर घेतला आणि बाटली परत सरकवली. दुकानदाराच्या असल्या युक्त्या त्याला चांगल्या ठाऊक होत्या. घरी मारुतीला शेंदूर चढवायचं तिळाचं तेल बरणीभर पडलेलं होतं. इतकी वर्षं मारुतीला चाललं ते मोटारीला का चालू नये?

शेंदूर कालवला. बॉनेटला, मडगार्डांना, दोन्ही दिव्यांच्या भोवती चांगला जाड हात दिला. संध्याकाळी बोट लावून बघितलं तर ओला. दुसऱ्या दिवशी ओला. तिसऱ्या दिवशीही ओलाच. लग्न तर जवळ येऊन ठेपलेलं. महिपतीने सरळ वरून काळा रंग ओढला. वरची साय धरली, मोटार चकाकली, आणि त्याने गोदूबाईला बोलावून तिचं तोंड तिला दारात दाखवलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे नदीवरून धुकं आलं होतं. चिंच दिसत नव्हती, नुसता तिचा काळोख दिसत होता. महिपतीने ताडपत्री उचलली आणि तो तसाच उभा राहिला. दोन्ही दिव्यांच्या खालून लाल ओघळ निघाले होते. गालांवरून यावेत तसे मडगार्डांवरून उतरून खाली मातीत थेंब थेंब पडत होते. त्याने बोट लावलं. गार, चिकट. त्याने ते बोट धोतराला पुसलं, मग धोतराकडे बघितलं आणि त्याला उगाचच धोतर सोडून टाकावंसं वाटलं.

त्याने ओघळ पुसले, वरून पुन्हा काळा रंग दिला. भर दुपारी, चिटपाखरू नसताना, तो काळा रंग सुरकुतला, म्हाताऱ्या माणसाच्या कातड्यासारखा फाटला आणि त्या फटींतून पुन्हा लाल पाझरायला लागलं. बैल त्या बाजूला जाईनात. कुत्रं लांब बसून मोटारीकडे बघायचं, भुंकायचं नाही. गोदूबाई विहिरीवर जाताना वळसा घेऊन जायला लागली. एकदा ती शांतपणे म्हणाली, "अवं, रंग असा रडत नाय. तिच्यात कोनतरी हाय."

महिपतीने तिला वेड्यात काढलं. पण त्यानंतर एक दिवस तिन्हीसांजेला तो गोठ्यातून येत होता, आणि ताडपत्रीच्या आतून उजेड दिसला. थोडासा, पिवळा, हलणारा.  जवळ जाऊन त्याने ताडपत्रीचं टोक उचललं. बॉनेटवर पणती जळत होती. शेजारी फोडलेला नारळ, तांदळाची मूठ, झेंडूची फुलं. हे कुणी ठेवलं? आसपास माणूस नव्हतं.

त्याला घाम फुटला तो भुताच्या भीतीने नव्हे. म्हणजे भुताच्या भीतीनेही फुटला, पण दुसरी भीती तिच्याहून मोठी होती. कुणीतरी करणी केली होती. लग्न मोडायचा कुणाचा तरी डाव होता. आणि नवरदेवाच्या दारात असलं काही आहे, ही कुणकुण अंबरनाथला गेली, तर धर्मराज मुलगी देईल? पोरीचा बाप होता तो, त्याच्या जागी महिपतीनेही दिली नसती. जनू तर त्या मुलीला बघून आल्यापासून भाकरीला भाजी लावायची विसरत होता. त्याला काय सांगायचं, तुझी सोयरीक तेलकट मोटारीने मोडली?

तेव्हा महिपतीने गुपचूप डोंगरातल्या वाडीवरून धोंडी भगताला बोलावलं. दिवस बुडायच्या वेळेला भगत आला. सुक्या काटकीसारखा म्हातारा, डोळे अर्धे मिटलेले. त्याने सुपात तांदूळ घेतले, बोटाने फिरवले, पुटपुटला. वारा पडला होता. चिंचेचं पान हलत नव्हतं. आणि तेवढ्यात मोटारीचा भोंगा वाजला. मोठ्याने नाही. झोपेत कण्हावं तसा, लांबलचक.

आता त्या भोंग्याचा रबरी फुगा महिपतीने रंग उडू नये म्हणून स्वतः काढून फळीवर ठेवला होता. नुसती पितळेची नळी शिल्लक होती. वाजवायला काही उरलंच नव्हतं.

भगत जमिनीवर पालथा पडला. उठला तेव्हा त्याच्या कपाळाला माती होती. त्याने सांगितलं की हे भूत नाही, हा चेडोबा आहे, वेशीवरचा राखणदार. लष्कराने छावणीसाठी जमीन घेतली तेव्हा कुठल्यातरी गावच्या वेशीवरचा त्याचा दगड उखडून टाकला. देवाला जागा राहिली नाही, म्हणून तो साहेबाच्या गाडीत शिरला. साहेब उगाच नाही मेला. आता शेंदूर चढला, तिळाचं तेल मिळालं, तेव्हा तो जागा झाला.

गुपचूप बोलावलेल्या भगताचं हे बोलणं ऐकायला सगळं गाव कुंपणाबाहेर उभं होतं. त्यांना कुणी बोलावलं? गोदूबाईने. आणि ती पणती कुणी ठेवली होती? तीही गोदूबाईनेच. मारुतीचं तेल आणि शेंदूर ज्याच्या अंगाला लागला त्याला पणतीशिवाय ठेवायचं हे तिच्या मनाला पटेना, आणि नवऱ्याला विचारण्यात तिला काही अर्थ वाटला नाही.

महिपती सकाळी उठून उल्हासनगरला धावला. लोकूमलने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "तिल का तेल? वो कैसे सूखेगा, साईं? गरमी लगेगी तो रोएगा. साल भर रोएगा." महिपतीला एवढा आनंद झाला की त्याने जवसाच्या तेलाची बाटली घेतली, पत्रा खरवडायची पाती घेतली आणि वाटभर मोठमोठ्याने हसत तो घरी आला. गावाला गोळा करून त्याने तेलांतला फरक समजावून सांगितला. गावाने मान डोलावून ऐकलं. मग एका म्हाताऱ्याने विचारलं, बरणीत जवसाचं तेल नव्हतं आणि तिळाचंच होतं, ही करणी कुणाची? आणि फुगा नसताना भोंगा वाजला तो कुठल्या तेलाने? महिपती म्हणाला वारा असेल. वारा होता का, असं त्या म्हाताऱ्याने नुसतं विचारलं. महिपतीने पाती हातात घेतली तेव्हा शेजाऱ्यांनी ती हळूच काढून घेतली, आजाऱ्याच्या हातातून घ्यावी तशी.

लग्नाच्या दिवशी त्याने शेवटचा डाव टाकला. देव तर देव, वरातीच्या पुढे चालू दे, असं तो म्हणाला. भगताला हे एकदम पटलं. फक्त देवाच्या पोटात विस्तव पेटवायचा नाही, त्यामुळे इंजिन चालू करायचं नाही. देवाच्या अंगावर बसायचं नाही, त्यामुळे आत कुणी बसायचं नाही. देवाला वाट दाखवायची नाही, त्यामुळे स्टिअरिंगच्या चाकाला हात लावायचा नाही. पुढे दोर बांधायचे आणि गावाने अनवाणी ओढायचं.

तर अशी वरात निघाली. नवरदेव मुंडावळ्या बांधून मडगार्डाशेजारून पायी. नवरदेवाचा बाप नव्या फेट्यात, खांद्यावर दोर. पहाटेच्या धुक्यात ती काळी लाल मोटार आवाज न करता पुढे सरकत होती, आत बाक रिकामा, आणि बदलापूर सोडल्यावर जिथे रस्ता वळला तिथे ती आपसूक वळली. दोरामुळे वळली, महिपती म्हणाला. तो दोर त्याच्याच खांद्यावर होता आणि त्या वेळी तो ढिला होता, म्हणून हे तो पुटपुटत म्हणाला.

अंबरनाथच्या अलीकडे लांब उतार लागतो. उताराला मोटार लागली आणि दोर मागे पडले. माणसं बाजूला झाली. मोटार एकटीच धुक्यात शिरली. उताराच्या टोकाला धर्मराजाच्या पाड्याची वेस होती आणि वेशीवर वरातीला सामोरा आलेला धर्मराज उभा असणार होता. फेटा पडला, उपरणं पडलं, "बाजूला व्हा! बाजूला व्हा!" असं ओरडत महिपती मोटारीच्या मागे धावत सुटला. मुलाचं लग्न त्याच मुलीशी लावायचं असेल तर तिचा बाप जिवंत राहायला हवा, एवढाच विचार त्याच्या डोक्यात होता. धुक्यातून भोंग्याचं ते लांबलचक कण्हणं ऐकू आलं. मग काहीच नाही.

तो पोचला तेव्हा मोटार उभी होती. धर्मराजाच्या पायांपासून हातभर अलीकडे. दिव्यांखालून लाल थेंब त्याच्या नव्या जोड्यांपुढे पडत होते. धर्मराज पांढराफटक पडला होता; भगताचं सांगणं त्याच्या कानावर आधीच आलं होतं. त्याने मोटारीकडे बघितलं, तिच्या चाकाखालच्या खड्ड्याकडे बघितलं, जिथून त्यांच्या पाड्याच्या चेडोबाचा दगड लष्कराने उखडून नेला होता त्या खड्ड्याकडे, आणि तो कंत्राटदार सगळ्या वऱ्हाडासमोर आडवा झाला. थेट मातीत, साष्टांग.

महिपती धापा टाकत त्याच्यासमोर उभा होता. काट्यासारखं अडकलेलं ते हसू सुटलं. धर्मराज वाकला होता! नुसता वाकला नव्हता, लोळण घेतली होती. महिपतीने मोठ्या मनाने हात उंचावला आणि म्हटलं, "उठा व्याही, उठा. झालं गेलं विसरा."

धर्मराजाने मान वर न करता, खालूनच, नम्रपणे सांगितलं, "जरा बाजूला सरता का? देवावर तुमची सावली पडतेय."

लग्न थाटात लागलं. मोटार मात्र त्या खड्ड्यातून हलली नाही, आणि हलवायला कुणी तयारही झालं नाही. मांडवात सगळ्यांनी धर्मराजाच्या नशिबाचं कौतुक केलं. आमच्यात मुलाच्या बापाने मुलीच्या बापाला देज द्यायची रीत आहे. पण देजात मोटार देणारा आजवर एक महिपतीच झाला. वऱ्हाड परतलं ते पायी.

तेल चुकलं, दुसरं काही नव्हतं, असं महिपती अजूनही सांगतो. सुनेच्या माहेरी जाऊन येताना तर हमखास सांगतो. फक्त ती वेस मागे पडेपर्यंत तो तोंड उघडत नाही.