विहीणबाईंचा दिवा आणि वेलिकाची बॅटरी

"माझ्या लेकीच्या लग्नात आशीर्वाद मी वाचणार, आणि माझा मी वाचणार!" वेलिकानं विहीणबाईंना, म्हणजे जावयाच्या आईला, म्लादेन्काबाईंना, फोनवर ठणकावून सांगितलं. त्याचं कारणही तसंच होतं. म्लादेन्काबाईंचा आवाज साखर घातल्यासारखा झाला होता. "तुम्ही कशाला त्रास घेता? तुम्ही नुसत्या शेजारी बसा, आमची नणंद वाचेल की!"

नुसत्या बसा! जन्मापासून दिसत नाही म्हणून लोक वेलिकाला आयुष्यभर बसवतच आले होते. बसमध्ये बसवलं, बँकेत बसवलं, नवऱ्याच्या मयतीतसुद्धा बसवलं. बसून बसून बाईची कंबर मोडली!

वाचायला तिच्याकडे ब्रेलचं यंत्र होतं, पाटीएवढं. त्याच्या पट्टीवर टिंबं वर येतात, त्यांवरून बोट फिरवायचं, बटण दाबलं की पुढची ओळ. बॅटरी किती उरली तेही त्याच पट्टीवर कळतं. आशीर्वाद तिनं स्वतः लिहिला होता. त्यात अगदी शेवटी म्लादेन्काबाईंच्या कौतुकाचं एक वाक्य होतं. ते लिहिताना दाढ काढल्यासारखं दुखलं होतं, पण लिहिलं.

लग्नाच्या आदल्या दुपारी मायलेकी बसनं गाब्रोवोला विहिणीकडे उतरल्या. खोलीच्या झडपा ऊन येऊ नये म्हणून लावलेल्या. लेकीनं, झोर्नित्सानं, दिवा लावला, चार्जर पलंगामागच्या सॉकेटात खोचला आणि ती केस करून घ्यायला गेली. वेलिकानं पट्टीवर बोट ठेवलं. चाळीस टक्के, चार्जिंग चालू. झकास! ती आडवी झाली.

एवढ्यात म्लादेन्काबाई बानित्साची, चीज भरलेल्या खुसखुशीत पोळीची, बशी घेऊन आल्या. बशी ठेवली, वेलिकाच्या अंगावर पांघरूण सारखं केलं, आणि जाताना दिवा मालवला. चिकटपणासाठी देशभर नावाजलेल्या गाब्रोवोची बाई ती, रिकाम्या खोलीत दिवा जळालेला तिला पाहवत नाही. आणि आंधळ्या बाईची खोली म्हणजे तिच्या हिशेबी रिकामीच!

आता त्या घरातली गंमत ऐका. पलंगामागचं सॉकेट दिव्याच्याच बटणावर होतं. दिवा गेला की सॉकेट मेलं. म्लादेन्काबाईंनी तिथं कधी काही खोचलंच नव्हतं, त्यांना काय माहीत!

वेलिका उठली, थोडा सराव केला, बॅटरी पाहिली. तेहतीस! "अगं बाई, हे भरतंय की गळतंय?"

झोर्नित्सा आली. दिवा लावला, वाकून पाहिलं. "आई, होतंय की चार्ज! लाल लुकलुकतंय."

वेलिकानं बोट ठेवलं. खरंच, चालू! लेक गेली, जाताना शहाण्या मुलीसारखा दिवा मालवून गेली. वेलिका पुन्हा सरावाला बसली. अठ्ठावीस!

"झोर्नित्सा!"

"आता काय, आई?"

"तू गेलीस की बंद पडतं."

"मी काय वीज घेऊन फिरते का?"

मग जावई आला, तिहोमिर. दिवा लावला, वायर हलवली, यंत्र उलटंपालटं केलं. "सगळं ठीक आहे, आई. तुम्ही जरा पडा." आणि जाताना, अर्थातच, टक्!

रात्रीच्या जेवणापर्यंत घरभर झालं की वेलिकाबाईंचा जीव लेकीत अडकलाय, म्हणून त्यांना यंत्रात भलतंच काही जाणवतंय. म्लादेन्काबाईंनी वेलिकाच्या हातावर हात ठेवला. "आईचं काळीज हो! सकाळी नणंदेला सांगून ठेवू ना?"

वेलिकाला वाटलं, हीच बानित्सा हिच्या तोंडात कोंबावी. पण अंगात त्राण नव्हतं. माणसांशी भांडता येतं, टक्क्यांशी कसं भांडणार?

सकाळी आशीर्वाद एकदा शेवटचा वाचत ती बसली होती. म्लादेन्काबाई इस्त्रीचा झगा घेऊन आल्या, दिवा लावला, झगा टांगला. वेलिकाचं बोट बॅटरीच्या आकड्यावर होतं. बोटाखाली टिंबं हलली: चार्जिंग चालू. मग दाराशी टक् झालं, आणि त्याच क्षणी बोटाखाली: चार्जिंग बंद.

वेलिका ताडकन उठली. तीस वर्षं अंधांच्या कारखान्यात तिनं हीच बटणं आणि हीच सॉकेटं जोडली होती!

"विहीणबाई, दिवा लावा!"

"तुम्हाला दिवा कशाला हो?"

"मला नको, यंत्राला हवाय!"

म्लादेन्काबाईंनी काळजीनं तिच्या कपाळाला हात लावला. तेवढ्यात खाली गाडीचा भोंगा वाजला. बॅटरी नऊ टक्के. चला!

हॉलमध्ये तिची पाळी आली तेव्हा सहा उरले होते. नणंद चष्मा पुसत शेजारीच तयार! वेलिका उभी राहिली, कुणाचा हात न धरता. पट्टीवर बोट ठेवलं आणि घाईनं, पण ठसठशीत वाचू लागली.

"झोर्नित्सा, तिहोमिर, तुमच्या घरची चूल विझू नये. भांडण झालं तर जेवणाआधी मिटवा. म्हातारपणी एकमेकांचा हात सोडू नका, बॅटरी तीन टक्के उरली आहे, ताबडतोब चार्जर जोडा."

बोटं तोंडापेक्षा पुढे पळत होती हो, थांबणार कशी! ओळीच्या जागी सूचना आली आणि बाईनं तीही आशीर्वादाच्या सुरात वाचून टाकली.

 मग असा हशा उसळला की वाजंत्र्याच्या हातातला ढोलही आपोआप वाजला. झोर्नित्सा पदर नाही म्हणून हातांनीच तोंड झाकून हसत होती, तिहोमिर टेबलावर डोकं टेकून. राकियाचे, तिकडच्या फळांच्या दारूचे, पेले वर गेले.

वेलिकानं पुढचं बटण दाबलं. पट्टी गुळगुळीत, गार. यंत्र मेलं होतं. कौतुकाचं ते वाक्य आतच राहिलं.

"एवढंच," ती म्हणाली, आणि यंत्र काखेत धरून आपली आपण खाली बसली. फार दमली होती.

म्लादेन्काबाई डोळे पुसत येऊन शेजारी टेकल्या. "वेलिकाबाई, वा! असा आशीर्वाद या गावात कुणी ऐकला नव्हता. आमच्या धाकट्याच्या लग्नातही तुम्हीच वाचायचं, नणंद गेली खड्ड्यात! फक्त एक करा, त्या दिवशीही यंत्र नीट चार्ज करून आणू नका."

"त्याची काळजी नको," वेलिका म्हणाली. "उतरायला तुमच्याच घरी येईन!"