सामन्यापूर्वी दोन शब्द

नमस्कार, आणि इथल्या माओरी भाषेत किआ ओरा. सर्वांनी आसनस्थ व्हावे. बाहेर गारा पडत असल्यामुळे आजचे प्रास्ताविक मैदानावर न होता क्लबरूममध्ये होत आहे. सामना तीन वाजता आहे. मी, कार्यवाह विश्वनाथ, फक्त दोन शब्द बोलणार आहे.

न्यूझीलंडच्या पामर्स्टन नॉर्थमधल्या मराठी मंडळींचा हा फुटबॉल क्लब याच वर्षी, म्हणजे २०१७च्या मे महिन्यात स्थापन झाला. संघाला अकरा जण लागतात असं कळल्यावर आपण अकरा जण जमवले, आणि कोणाचं मन दुखू नये म्हणून दहा जणांना पदं दिली. अबोलीच्या वेळी पदं संपली. तिला खेळाडू करण्यात आलं.

(टाळ्या.)

ती समोरच बसली आहे, बूट घालून. घड्याळाकडे बघू नकोस अबोली, तुझंच कौतुक चाललंय.

पहिले तीन सामने आपण हरलो. कारणं हवामानाची होती. डोंगरावरून दक्षिणेचा वारा सुटला की पुढे मारलेला बॉल मागे येतो. शिवाय आपले गोलकीपर, म्हणजे अध्यक्ष प्रमोदराव, खिशातून हात काढायला तयार नव्हते.

चौथा सामना आपल्या मैदानावर होता. पाहुणे आपल्याकडे आले आणि नुसते खेळून गेले, हे आपल्यात बसत नाही. आपण त्यांच्या कॅप्टनला शाल-श्रीफळ दिलं. मग स्वागत, परिचय, मनोगत, आभार. पाहुणे अर्ध्या चड्डीत, गोठलेल्या गवतावर, अदबीनं उभे. आपण थर्मल, स्वेटर आणि माकडटोपीत. खेळ सुरू झाला तेव्हा त्यांचे गुडघे वाकत नव्हते. अबोलीनं बॉल घेतला आणि जवळजवळ चालत जाऊन गोल केला.

तो योगायोग होता. कार्यकारिणीनं त्याचं धोरण केलं.

जुलैत, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, आपण प्रत्येक पाहुण्या खेळाडूचा परिचय करून देऊ लागलो, मग बदली खेळाडूंचाही. एक गोलकीपर सत्कार चालू असताना गाडीत हीटर लावून बसला, तो उतरलाच नाही. एक संघ आपली माकडटोपी लांबून बघूनच परत फिरला. न खेळता गुण मिळू लागले. आपण दुसऱ्या क्रमांकावर गेलो.

त्या दिवशी अबोली म्हणाली, "काका, बॉलला पाय लागून किती दिवस झाले."

"अगं वेडे," प्रमोदराव म्हणाले, "जिंकतोय ना आपण? मग खेळायचं कशाला?"

(हशा. टाळ्या.)

दुर्दैवानं यशाची नक्कल होते. शेजारच्या गावच्या संघानं एक निवृत्त गोपालक आणला. शेतातल्या पाण्याचा निचरा या विषयावर तो तासभर बोलला. आपले तीन उपाध्यक्ष कुडकुडत घरी गेले. तो सामना आपण भाषणातच हरलो. फुटबॉलपर्यंत गोष्ट गेलीच नाही.

"विश्वनाथकाका, पावणेतीन झालेत."

ही अबोली. ती अधीर आहे, कारण शहराच्या मुख्य महिला संघाच्या कोच ट्रेसी आज तिचा खेळ बघायला आल्या आहेत. हा मोसमातला शेवटचा सामना. आवडली तर त्या तिला त्यांच्या संघात घेतील. नाही खेळली तर त्या पुन्हा येणार नाहीत. काल तिनं एकच मागितलं होतं, "उद्या भाषण नको, प्लीज." प्रमोदरावांनी शब्द दिला. तो पाळला जात आहे. हे भाषण नाही, प्रास्ताविक आहे.

आता ट्रेसीबाईंना शाल देण्याची विनंती मी...

"मी देणार," उपाध्यक्षा सुलेखाताई म्हणाल्या. "मागच्या वेळी मला नारळ धरायला लावला होता."

"ताई, शाल अध्यक्षांनी द्यायची असते."

"मग अध्यक्षांनी आणायची पण असते. ही माझ्या कपाटातली आहे."

ट्रेसीबाई म्हणतात, "स्वीट ॲज, पण मॅच कुठे आहे?" ‘स्वीट ॲज’ म्हणजे इकडचं ‘झकास’. त्यांना सांगा, तोही विषय येणार आहे. अबोलीची डाव्या पायाची किक ही शब्दांत सांगण्यासारखी गोष्ट नाही. तरी मी प्रयत्न करतो.

(शिट्टी.)

बसा, बसा. रेफ्रीची असावी. अबोलीची खुर्ची रिकामी आहे हे माझ्याही लक्षात आलं आहे. ट्रेसीबाईही शालीसकट गेलेल्या दिसतात. खिडकीजवळून आपला खजिनदार सुयश सांगतोय की अबोली एकटीच मैदानात उतरली, आणि पाहुण्यांनी त्यांचे बदली खेळाडू तिला उसने दिले.

(बाहेर जल्लोष.)

"गोल झाला वाटतं. कोणी मारला रे, सुयश?"

"काचेवर वाफ धरलीय, काका."

"आपणच मारला असणार," प्रमोदराव म्हणाले. "नियोजन कोणाचं आहे?"

(प्रचंड टाळ्या.)

आता आभार. खेळाडूची एक जागा बहुधा रिकामी होईल; ती न भरता आपण आणखी एक उपाध्यक्ष नेमणार आहोत. माणूस आम्ही हेरून ठेवलेला आहे. मैदान हाकेच्या अंतरावर होतं, दार तुमच्याच पाठीमागे होतं, आणि काच पुसायला एक हात पुरला असता. तरी तुम्ही शेवटच्या शब्दापर्यंत बसून ऐकलंत. तुमचं नाव सांगा, उपाध्यक्ष.